टिकेल का? काउंटरवर रोज विचारले जाणारे प्रश्न

अमळनेरला आमचं हार्डवेअर आणि शेतीसामानाचं दुकान आहे. आधी गल्ल्यावर आप्पा बसायचे, आता मी बसतो. आमच्याकडचं गिऱ्हाईक भाव नंतर विचारतं. आधी वस्तू हातात घेऊन उलटीपालटी करतं, नखाने टोकरून बघतं आणि म्हणतं, “हाई कितला दिन टिकी, भो?” तीच उत्तरं देऊन जीभ झिजली, म्हणून इथे लिहून ठेवतोय. यातले सगळेच प्रश्न गिऱ्हाइकांचे नाहीत. काही दुपारी आमच्या पंख्याखाली बसायला येणाऱ्या मंडळींनी काढलेले आहेत. १९१६ पासून आमच्या गावात तत्त्वज्ञान मंदिर आहे, त्यामुळे इथला माणूस नळाचा वायसर घ्यायला आला तरी मुळाशी जाऊन विचारतो.

मग, कितला दिन टिकी?

आप्पा म्हणायचे, “तू जितला दिन सांभाळशी, तितला.” गिऱ्हाईक हसायचं. पण आप्पा टाळाटाळ करत नसत. लगेच तीन गोष्टी विचारत: काम कोणतं, ठेवणार कुठं आणि बघणार कोण.

एकदा एकाच गठ्ठ्यातली दोन घमेली एकाच दिवशी गेली. एक गवंड्याने नेलं, दुसरं एका शेतकऱ्याने युरिया फेकायला नेलं. गवंडी रोज संध्याकाळी घमेलं धुवायचा, उलटं टाकायचा आणि महिन्याकाठी जळक्या तेलाचा बोळा फिरवायचा. त्याचं घमेलं तीन वर्षांनी दुकानासमोरच्या बांधकामावर मला दिसलं, काठ चेपलेले पण धडधाकट. शेतकऱ्याचं दुसऱ्या पावसाळ्यातच चाळणी होऊन परत आलं. त्याने खत तसंच भरून झोपडीत ठेवलं होतं. खत हवेतला ओलावा ओढतं, आणि ओलं खत पत्र्याला लोण्यासारखं खातं. पत्रा तोच, कारखाना तोच. मग टिकाऊ घमेलं कोणतं?

मजबूत आणि टिकाऊ एकच ना?

नाही, आणि हा घोळ सगळ्यात जास्त आहे. मजबूत म्हणजे एका दणक्याला किती सोसतं. टिकाऊ म्हणजे रोजच्या थोड्याथोड्या त्रासाला किती वर्षं पुरून उरतं. बिडाचा तवा फरशीवर पडला तर दोन तुकडे होतात, म्हणजे त्या अर्थी तो कच्चाच. पण पाडला नाही तर सुनेच्या सुनेपर्यंत भाकरी भाजतो. उलट लोखंडी तार वाकते, तुटत नाही, मजबूत वाटते. तीच तार एका जागी दहा-वीस वेळा इकडून तिकडे वाकवा, हातात तुकडा येतो. मोडायला मोठं ओझं लागतंच असं नाही. छोटं ओझं पुन्हापुन्हा आलं तरी पुरतं.

जाड आणि जड माल जास्त टिकतो का?

गिऱ्हाईक बादली घेताना पत्र्याची जाडी बघतं. बादली मात्र कडीपाशी जाते. कडी अडकवायचे दोन कान, त्यांचे चार रिवेट, तिथेच सगळं वजन येतं आणि तिथेच पाणी साचून गंज धरतो. कोणतीही वस्तू घेताना सगळ्यात कच्ची जागा कोणती ते शोधा. चपलेत अंगठा, खुर्चीत पाय आणि बैठकीचा सांधा, पाइपात जोड, दारात बिजागरी.

आपल्याकडे वस्तू लवकर जातात असं खरंच आहे, की उगाच वाटतं?

खरंच आहे. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो. हे तापमान सावलीतलं. उन्हात पडलेला काळा पाइप त्याहून कितीतरी जास्त तापतो, हात लावला तर कळतंच.

ऊन दोन तऱ्हेने मारतं. एक उष्णतेने, दुसरं अतिनील किरणांनी. प्लास्टिकच्या आत लांबच लांब साखळ्या असतात. हे किरण त्या साखळ्या तोडतात. आधी रंग उडतो, मग अंगावरून बोट फिरवलं की पांढरी भुकटी लागते, मग एक दिवस पाइपावर पाय पडला की काडकन आवाज येतो. शेतातला पीव्हीसी पाइप दोन-तीन फूट खोल गाडा, असं आम्ही जीव तोडून सांगतो ते यासाठी. जमिनीत गाडलेला पाइप कित्येक दशकं जातो. तोच बांधावर उघडा टाकला की काही उन्हाळ्यांत ठिसूळ होतो. शिवाय गाडलेला पाइप नांगराच्या फाळातून आणि शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरमधूनही वाचतो.

ठिबकची नळी काळी का असते, हा प्रश्न शाळेतली पोरं विचारतात, मोठी माणसं विचारत नाहीत. त्या प्लास्टिकमध्ये साधारण दोन ते तीन टक्के काजळी मिसळलेली असते. ही काजळी अतिनील किरण स्वतः गिळते आणि आतल्या साखळ्या वाचवते. काळ्या टाकीचंही तेच. रंग फक्त दिसायला असता तर कंपन्यांनी गुलाबी नळ्याही काढल्या असत्या.

उष्णतेचा मार विजेच्या वस्तूंना जास्त. मोटरच्या वायंडिंगवरचं आवरण साधारण दर दहा अंश जास्त तापमानाला निम्मं आयुष्य गमावतं. इन्व्हर्टरच्या बॅटरीचा हिशोबही जवळपास तसाच. म्हणजे पुण्यात पाच वर्षं गेलेली बॅटरी पत्र्याच्या खोलीत, पश्चिमेच्या भिंतीला टेकवून ठेवली, तर आपल्याकडे तिने दोन-अडीच वर्षांत मान टाकणं हे फसवणुकीचं लक्षण नाही. ती सावलीत ठेवा, डिस्टिल्ड पाणी वेळेवर घाला. (बोअरचं पाणी घालून वर भांडायला येणारे दरसाल दोघं-तिघं असतात. आपलं क्षाराचं पाणी माठाच्या बुडाला जे करतं तेच बॅटरीच्या पोटात करतं.)

ठिबकची नळी किती वर्षं जाते?

नळी उन्हाने कमी आणि पाण्याने जास्त जाते. क्षार ड्रिपरच्या बारीक वाटेत बसतात. ठरलेल्या वेळी अॅसिडची प्रक्रिया, शेवाळ असेल तर क्लोरीन, फिल्टर रोज साफ, आणि नळीची टोकं उघडून धुणं, हे करणाऱ्याची नळी केळीचे बरेच हंगाम काढते. न करणाऱ्याची नळी धडधाकट असते, फक्त पाणी येत नाही. उंदीर आणि खार यांच्यावर आमच्याकडे इलाज नाही.

पूर्वीच्या वस्तू टिकायच्या. आताच्या का टिकत नाहीत?

अर्धं खरं आहे, अर्धा डोळ्यांचा खेळ आहे.

डोळ्यांचा खेळ असा: घरात आजीचा पितळी तांब्या आहे, म्हणून आपण म्हणतो पूर्वी माल चांगला असायचा. पण आजीच्या घरी असलेली बाकीची भांडी कुठं आहेत? फुटली, चेपली, मोडीत गेली, वितळून त्यांची नवी झाली. जे टिकलं तेवढंच समोर आहे. पन्नास वर्षांनी आजच्या स्टीलच्या डब्यांतले दोन उरतील आणि नातवंडं म्हणतील, काय माल असायचा तेव्हा.

खरं असलेला भागही आहे. १९२४ साली युरोप-अमेरिकेतल्या बल्बच्या बड्या कंपन्या जिनिव्हात एकत्र आल्या आणि फीबस नावाची टोळी बांधली. बल्ब १,००० तासच चालला पाहिजे असं ठरलं. आधीचे बल्ब दीड-दोन हजार तास चालत. ज्याचा बल्ब जास्त चालेल त्या कंपनीला दंड! दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ही टोळी मोडली. कंपन्यांची बाजूही होती म्हणा. तार जास्त तापवली की प्रकाश लख्ख पडतो पण तार लवकर तुटते, मंद जाळली की वर्षानुवर्षं चालते. कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोर गावी अग्निशमन केंद्रात १९०१ पासूनचा एक बल्ब अजून जळतो, पण त्याच्या उजेडात पेपर वाचता येणार नाही. मला मात्र दंडाची गोष्ट पचत नाही. गिऱ्हाइकाला विचारून कमी टिकाऊ माल द्या, चोरून देऊ नका.

लाकडाचं काय? बैलगाडीचं चाक एवढं कसं टिकायचं?

हा माझा आवडता प्रश्न, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

बाभूळ तोडली की सुतार लगेच हत्यार लावत नसे. ओंडके विहिरीत किंवा डबक्यात महिनोन्‌महिने बुडवून ठेवत. पाण्यात लाकडातला गोड रस निघून जातो. भुंगा लाकूड खातो तो त्या रसासाठी. रस गेला की त्याला रस नाही. मग सावलीत वाळवायचं. उन्हात वाळवलं की तडे जातात. सगळं धरून वर्ष सहज जायचं, आणि चाक बनायला अजून सुरुवातही नसायची.

मधे तुंबा, त्यातून निघालेले आरे, आणि बाहेरून गोल आलेले लाकडाचे वाकडे तुकडे. एवढ्याने चाक उभं राहतं, पण चालत नाही. त्याला धाव बसवावी लागते, म्हणजे लोखंडी पट्टी. लहानपणी मी आमच्या मामांच्या गावी, एरंडोल तालुक्यात, हे बघितलंय. लोहाराने गोवऱ्यांचं रिंगण केलं, त्यात धाव आडवी ठेवली आणि पेटवलं. धाव चाकापेक्षा मुद्दाम थोडी लहान केलेली असते. तापून लाल झाली की ती फुगते. मग तिघांनी लांब चिमट्यांनी ती उचलली, चाकावर बसवली, घणाचे चार ठोके, आणि लाकूड पेटायला लागलं. खरंच ज्वाळा निघाल्या. मी घाबरून मागे सरलो. तेवढ्यात बाकीच्यांनी घागरी उपड्या केल्या. वाफेत काही दिसेना, फक्त आवाज येत होता: करकर, करकर. लोखंड गार होऊन आवळत होतं आणि सगळे सांधे एकमेकांत रुतत होते. मामा म्हणाले, “ऐक, चाक दात खातंय.” ना खिळा, ना डिंक.

आणि एवढं करूनही ते आपोआप टिकायचं नाही. चैत्र-वैशाखात लाकूड वाळून आकसतं आणि धाव ढिली पडते. म्हणून उन्हाळ्यात चाकावर ओली पोती टाकत, नदी लागली की गाडी मुद्दाम पाण्यात थांबवत. आखाला वंगण तर रोजचंच. चाक टिकायचं, कारण त्याच्यावर कुणाची तरी रोज नजर असायची. आता रबरी टायरच्या गाड्या आहेत, बैलांना हलक्या जातात, आणि त्या चांगल्याच आहेत. मी चाकासाठी रडत नाही.

सागवानी दार घ्यावं का? वाळवी लागत नाही म्हणतात.

सागाच्या गाभ्याला सहसा लागत नाही, कारण त्या लाकडातच वाळवीला न मानवणारी द्रव्यं असतात. पण खोडाच्या बाहेरचा फिकट भाग, साल आणि गाभ्यामधला, तो वाळवी खुशाल खाते. “साग आहे” एवढ्यावर पैसे देऊ नका, फळीच्या कडेचा पांढुरका पट्टा बघा.

धाब्याचं घर टिकाऊ की स्लॅबचं?

आमचं जुनं घर धाब्याचं होतं. सागाच्या कड्या, त्यावर काटक्या आणि पाला, त्यावर मातीचा जाड थर, आणि सगळ्यात वर पांढरी खारी माती. ही माती भिजली की तिचे कण फुगून बारीक भेगा बंद करतात, पाणी खाली उतरत नाही. खारटपणामुळे तिच्यावर गवतही नीट रुजत नाही. पण ही माती दरसाल, मृगाच्या आधी, नव्याने टाकावी लागते. आई-काकू पाट्या वाहायच्या, आम्ही पोरं पायाने दाबायचो. एक वर्ष चुकवलं की धाबं गळलंच.

त्या कटकटीला कंटाळून आम्ही स्लॅब टाकला. ठेकेदाराने मेमध्येच टाकू म्हणून घाई केली, पावसाच्या आधी काम हवं म्हणून आम्हीही हो म्हटलं. काँक्रीट पाण्याने वाळत नाही, पाण्याने पिकतं. सिमेंट आणि पाणी यांची आत क्रिया चालते, त्यासाठी ओल टिकावी लागते. साध्या सिमेंटला निदान सात दिवस, आपल्यासारख्या कडक कोरड्या उन्हात दहा, आणि राखमिश्रित सिमेंट असेल तर त्याहून जास्त, पाणी मारणं लागतं. आमच्याकडे चौथ्या दिवशी टँकर आला नाही, पाचव्या दिवशी ठेकेदार आला नाही. सहाव्या दिवशी स्लॅबवर केसाएवढ्या भेगा दिसल्या. “वरवरच्या आहेत,” म्हणाला. दुसऱ्या पावसाळ्यात त्याच भेगांतून पाणी सळईपर्यंत गेलं. सळई गंजली की फुगते आणि काँक्रीटची खपली खाली पाडते. आमच्या देवघरावरची खपली अशीच पडली. मी हार्डवेअरवाला, दिवसभर लोकांना सिमेंट विकतो, आणि माझ्याच घराला पाणी मारायला माणूस ठेवला नाही.

दोन्ही घरं टिकतात. धाबं दरवर्षी थोडं मागतं, स्लॅब सुरुवातीचे पंधरा दिवस सगळं मागतो. ज्याला जे द्यायला जमेल त्याने ते बांधावं.

जाता जाता दोन गोष्टी. काळ्या जमिनीत घर बांधताना पाया खोल न्या, मुरूम भरा, प्लिंथला बीम घ्या. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडून आकसते, आणि भिंत तिच्याबरोबर नाचते. आणि सिमेंटची गोणी तीन महिन्यांवर जुनी असेल तर घेऊ नका. आमच्या दुकानातली असली तरी.

दुरुस्त करावं की नवीन घ्यावं?

झिजायचा भाग गेलाय की अंग गेलंय ते बघा. बुश, बेअरिंग, वायसर, सील, कार्बन ब्रश हे झिजायलाच बनवलेले असतात. ते स्वस्तात झिजतात म्हणून महागाचं वाचतं. असं काही गेलं तर दुरुस्त करा. पंपाचं अंगच तडकलं असेल तर वेल्डिंगवर पैसे घालू नका. मोटर जळली तर तांब्याच्या तारेने रिवायंडिंग जरूर करा, पण आधी ती जळली का ते शोधा. कमी व्होल्टेजवर दामटलेली मोटर रिवायंडिंगनंतरही तशीच दामटली तर तशीच जळणार.

नवीन घेतानाच एक परीक्षा करा. वस्तू उलटी करून स्क्रू शोधा. स्क्रू असतील तर बनवणाऱ्याला ती कधीतरी उघडली जाईल असं वाटलं होतं. सगळं चिकटवलेलं असेल तर त्याने तुमचा निरोप आधीच घेतलाय. मग विचारा, “ह्याचा वायसर कुठं मिळतो?” उत्तर आपल्या तालुक्यातलं असलं पाहिजे.

सातपुड्याच्या पाड्यांवर, धडगाव-अक्कलकुव्याकडे, गावातला हातपंप बघा. तो बहुधा इंडिया मार्क टू जातीचा असतो. पूर्वीचे बिडाचे हातपंप एका कुटुंबासाठी बनवलेले, आणि हापसायचं सगळं गाव. ते सारखे मोडत. मग आपल्या जालना आणि सोलापूरकडे सुधारलेल्या पंपांवरून १९७० च्या दशकात हा नवा नमुना तयार झाला. गंमत अशी की त्याची कीर्ती मोडत नाही म्हणून नाही. देशभर एकच माप, एकच भाग, म्हणून मोडला तरी जोडता येतो. पुढे मार्क थ्री आला तो तर एवढ्यासाठीच की वायसर बदलायला सगळा पाइप वर ओढावा लागू नये.

पितळी भांड्यांना कल्हई अजून करून मिळते का?

मिळते, पण कल्हईवाला आता वर्षातून एक-दोनदाच येतो. आला की सोडू नका. भांडं भट्टीवर लाल तापवतो, नवसागराची चिमूट टाकतो, पांढरा धूर उठतो, कथलाचा तुकडा टेकवतो आणि कापसाच्या बोळ्याने एका झटक्यात आतून चांदीसारखं करतो. कथील झिजतं आणि पितळ वाचतं, शिवाय ताक-चिंच कळकत नाही.

आयएसआय मार्क असला की निर्धास्त ना?

तो मार्क म्हणजे माल ठरलेल्या कसोटीला उतरलाय. तुम्ही तो उन्हात टाकाल, चुकीच्या दाबावर चालवाल, याची त्याला कल्पना नसते. पण मार्क नसलेला पाइप घेण्यापेक्षा दहापट बरं. मार्काखाली परवान्याचा नंबर असतो, तो बघा. नुसतं चित्र कुणीही छापतं.

सगळ्यात टिकाऊ म्हणजे सोनंच की!

जळगावच्या माणसाचा प्रश्न. सोनं गंजत नाही हे खरं, पण झिजतं. शुद्ध सोनं मऊ, म्हणून दागिन्यात तांबं-चांदी मिसळतात. २२ कॅरेट म्हणजे हजारात ९१६ भाग सोनं. रोज घातलेल्या पोतीच्या कड्या एकमेकींवर घासून पातळ होतात. वर्षातून एकदा सोनाराकडे कड्या दाखवा, तुटून हरवण्यापेक्षा बरं.

माठ दरवर्षी का बदलावा लागतो? टिकाऊ माठ नाही का?

आहे. चकचकीत मुलामा दिलेला. त्यात पाणी गार होत नाही. माठ झिरपतो म्हणूनच गार करतो, आणि झिरपता झिरपता आपल्या पाण्यातले क्षार त्याची छिद्रं बुजवतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नवी घागर भरायची रीत आहे, ती कुंभाराच्या आणि तुमच्या दोघांच्याही सोयीची आहे.

बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वर्षभर कसे टिकतात? (हे दुकानात का विचारतात कळत नाही, पण विचारतात.)

आम्ही वाळवणाचं प्लास्टिक आणि जाळ्या विकतो, म्हणून असेल. कोणत्याही बुरशीला जगायला पाणी लागतं. ज्वारीचा घाटा शिजवून, मीठ घालून, बिबडे कडक उन्हात दोन्ही बाजूंनी खडखडीत होईपर्यंत वाळवले की बुरशीसाठी काही उरत नाही. जे ऊन आमचे पाइप मारतं तेच बिबडे टिकवतं. डब्यात ठेवताना हात कोरडा ठेवा. एक ओला बिबडा सगळा डबा घालवतो.

आपल्या भागातली सगळ्यात जास्त टिकलेली गोष्ट कोणती?

पंख्याखालच्या मंडळींचं यावर भांडण आहे. एक गट म्हणतो अजिंठा. लेणी आपल्या जिल्ह्यात नाहीत, डोंगराच्या पलीकडे आहेत, पण जळगावची माणसं ती आपलीच समजतात. दगड टिकला यात नवल नाही. नवल चित्रांचं. दगडावर मातीचा लिंपण, त्यात तूस आणि वनस्पतींचे तंतू, वर चुन्याचा पातळ हात आणि त्यावर रंग. बरीचशी चित्रं पाचव्या शतकातली आहेत. कीड लागली, पाणी झिरपलं, वटवाघळं राहिली, तरी बरंच उरलं.

यात एक गोष्ट मला चटका लावते. १८४४ मध्ये कंपनी सरकारने रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याला चित्रांच्या नकला करायला नेमलं. मूळ चित्रं नष्ट होतील, नकला तरी राहतील, हा हेतू. त्याने वर्षानुवर्षं राबून मोठमोठ्या कॅनव्हासवर नकला केल्या. त्या लंडनला गेल्या, क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगल्या आणि १८६६ च्या आगीत बहुतेक जळाल्या. मूळ चित्रं भिंतीवर होती तिथेच राहिली. गिलची कबर आपल्या भुसावळला आहे. आणि अजिंठ्याच्या चित्रांचं मोठं नुकसान काही अंशी प्रेमापोटीच झालं. नकला करणाऱ्यांनी रंग उठून दिसावेत म्हणून रोगण फासलं, पुढे १९२० च्या सुमारास निजामाने आणलेल्या इटालियन कारागिरांनी संरक्षणासाठी लाखेचा लेप दिला, तो काळवंडून पिवळा पडला. काही वस्तूंना हात न लावणं हीच देखभाल असते. आमच्या घरी देवाचे जुने टाक घासून घासून देवीचं नाक गेलंय.

दुसरा गट, ज्यात मी आहे, फडाचं नाव घेतो. पांझरा आणि कान नद्यांवर, साक्री-धुळ्याकडे, शेकडो वर्षांपूर्वीचे दगडी बंधारे आहेत. बंधाऱ्यातून पाट, पाटातून चाऱ्या, पाणी आपल्या उताराने शेतात. लाभातली जमीन फडांत वाटलेली. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, कुठल्या फडात काय ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. पाणी वाटायला पाटकरी, राखायला जागल्या, वर हवालदार. हंगामाआधी पाटातला गाळ काढायला घरटी माणूस यायचाच. बंधारा दगड-चुन्याचा होता म्हणून टिकला असं इंजिनिअर म्हणतील. पण जिथे विहिरी-मोटरी आल्या, वर धरणं झाली आणि लोकांनी गाळ काढायला येणं सोडलं, तिथे दगड जागेवर असूनही पाट बुजले. बंधारा आहे, फड नाही. पंख्याखाली यावर कुणी बोलत नाही, कारण आमच्यातले निम्मे विहिरीवाले.

कागद किती टिकतो? बिल जपून ठेवायचंय.

धुळ्याला १९२७ पासून राजवाडे संशोधन मंडळ आहे, आणि समर्थ वाग्देवता मंदिरही आहे. तिथली हस्तलिखितं शेकडो वर्षांची आहेत आणि अक्षर काळंभोर. शाई काजळाची आणि डिंकाची. काजळी म्हणजे कार्बन, तीच आपल्या ठिबकच्या नळीतली, आणि तिला ऊन फिकं करू शकत नाही. कागद हाताने केलेला, चिंध्यांच्या लगद्याचा, वर बासनाची घट्ट गाठ.

आमच्या मशीनमधून निघणाऱ्या बिलात शाईच नसते. कागदावर रसायनाचा थर असतो, तो गरम झाला की काळा होतो. म्हणून गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलं तर सगळंच काळं होतं, आणि प्लास्टिकच्या पाकिटात किंवा तेलकट हाताने ठेवलं तर अक्षर उडून जातं. पंपाची वॉरंटी दोन वर्षांची आणि बिल सहा महिन्यांत कोरं, असं झालेलं मी बघितलंय. गिऱ्हाईक कोरा कागद पुढे करतं, आम्ही ओळखतो म्हणून वस्तू बदलून देतो, पण कंपनीचा माणूस ऐकत नाही.

तेव्हा बिल मिळाल्याबरोबर मोबाईलवर फोटो काढा, किंवा समोरच्या दुकानात झेरॉक्स काढा. मोटर, पंप आणि बॅटरी यांचं बिल आम्ही आता वहीवर कार्बन घालून बॉलपेनने हाताने लिहून देतो. पाच मिनिटं जास्त लागतात, तेवढं थांबा.